जिरं गिळणारं पाणगवत

इनामगावजवळ घोड नदीच्या काठाला मच्छीमार सोसायटीचं एक छोटं तळं होतं. माशांची इवलीशी पिल्लं त्यात सोडायची, बोटाएवढी झाली की नदीत न्यायची. १९९८ साली या तळ्याची राखण विठाबाईकडं होती. पंचेचाळिशीची, अंगानं काटक आणि बोलायला कमी. सकाळ-संध्याकाळ पेंड आणि भाताचा कोंडा कालवून पाण्यावर पसरायचा, बगळे हाकायचे, हे तिचं काम.

त्या पावसाळ्यात घात झाला. नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं, ज्यांना सगळे ‘जिरं’ म्हणतात, पिशव्यांतून आणून तळ्यात सोडली आणि आठवड्यात नाहीशी झाली. दुसरी खेपही तशीच गेली.

सोसायटीचे अध्यक्ष सर्जेराव आबा तळ्यावर आले. चार सभासदांसमोर म्हणाले, “विठाबाई, पिल्लं काय हवेत उडाली? तुमचं ध्यान असतंय तरी कुठं?”

मागून कोणीतरी पुटपुटलं, “इकली असतील.”

विठाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चोरीचा आळ तिच्यावर आजवर कोणी घेतला नव्हता. ती एवढंच म्हणाली, “आबा, पिल्लं कुठं गेली ते मी हुडकून काढते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. काठानं हिरवं, केसांसारखं बारीक पाणगवत त्या वर्षी जास्तच माजलं होतं. वर पिवळी फुलं डोलत होती. पिल्लांना सावली मिळते म्हणून ते कोणी उपटत नसे. तिनं त्याचा एक पुंजका पाण्याबाहेर उचलला आणि थबकली. गवतातून बारीक तडतड ऐकू येत होती.

तिनं तो पुंजका पांढऱ्या तामचिनीच्या ताटात पाणी घालून पसरला. काड्याकाड्यांना मोहरीएवढ्या फुग्या लगडल्या होत्या. एका फुगीतून पिल्लाचं अर्धं अंग बाहेर लोंबत होतं. शेपूट आत, डोकं बाहेर. तिनं दुसरी फुगी बघितली, तिसरी बघितली.

गवत डब्यात घालून तिनं शिरूरची एसटी पकडली. तिथं हेलनबाई राहायच्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंकडं विठाबाईनं पूर्वी घरकाम केलं होतं. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि त्या हसल्या.

“विठा, ही किडे खाणारी वनस्पती आहे. युट्रिक्युलारिया म्हणतात हिला. ही फुगी आतलं पाणी बाहेर टाकते, त्यामुळं तिच्या भिंती आत चेपलेल्या राहतात. तोंडाशी दार असतं आणि दाराला केस. केसाला कोणी धक्का दिला की दार आत उघडतं, फुगी फटकन फुगते आणि बाहेरचं पाणी भक्ष्यासकट आत ओढून घेते. पापणी लवायच्या आत दार बंद!”

“मग मी वर उचललं तवा तडतडलं ते?”

“दारं उघडून हवा आत गेली, त्याचा आवाज. तू कानानं पकडलंस!”

तिसरी खेप आली तेव्हा विठाबाई तळ्याच्या बांधावर वाट अडवून उभी राहिली. “आबा, आत्ता सोडू नका. पाण्यात कापडाचा हापा बांधून पिल्लं त्या झोळीत ठेवा आन् मला त्यातली शंभर द्या. उद्या सकाळपातुर थांबा. माझं खोटं ठरलं तर मी पुन्यांदा तळ्यावर पाय ठेवणार न्हाई.”

दोन बरण्या भरल्या. दोन्हींत पन्नास-पन्नास पिल्लं, एकीत गवत, दुसरीत नुसतं पाणी. बरण्या सर्जेरावांच्याच ओट्यावर ठेवल्या, म्हणजे कोणाला संशय नको.

सकाळी सगळी सोसायटी जमली. नुसत्या पाण्यात एकोणपन्नास पिल्लं पळत होती. गवताच्या बरणीत अकरा. हेलनबाईंकडून मागून आणलेलं भिंग सर्जेरावांच्या हाती देत विठाबाई म्हणाली, “बाकीची कुठं हायती ती तुमीच बगा.”

सर्जेराव वाकले आणि बराच वेळ वर उठलेच नाहीत. उठले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. “विठाबाई, चुकलं माझं. चौघांत बोललो हुतो, आता चौघांतच सांगतो. या बाईमुळं सोसायटी वाचली.”

दोन दिवस पंधरा माणसं तळ्यात उतरून गवत काढत होती. पाण्यात तुकडाही राहू नये म्हणून विठाबाई स्वतः मच्छरदाणीचं कापड ओढत फिरत होती. तुटलेला तुकडा पाण्यात राहिला तर त्यातून गवत पुन्हा वाढतं, हे तिनंच सगळ्यांना बजावलं. मग पिल्लं सोडली.

दसऱ्याच्या आधी जाळं ओढलं, तर ते ओढायला सहा माणसं कमी पडली. बोटाएवढे रोहू आणि कटला चांदीसारखे उसळत होते. “विठाबाई, पहिली टोपली तुमी उचला,” सर्जेराव ओरडले. तिनं पदर खोचला, टोपली डोक्यावर घेतली आणि अंगावर उडणाऱ्या पाण्यात मोठ्यानं हसत नदीकडं निघाली.

पुढं दौंड तालुक्यात शेततळी झाली, तेव्हा तिथल्या भांडगावचे लोक तिला न्यायला जीप पाठवू लागले. तळ्यात काही सोडण्याआधी विठाबाई पाण्यात उतरायची, मूठभर गवत वर काढायची आणि कानाशी धरायची. ती मान हलवेपर्यंत बांधावर कोणी बोलत नसे.