आरसा फुटल्याची गोष्ट

काचेच्या दुकानात दादा रेघ ओढायचा आणि धाकटा भाऊ काच धरायचा. गेली तीस वर्षं हे असंच चाललं होतं. दादाच्या हातात काच कापायचा हिरा आणि तोंडात गोष्ट. माप देऊन झालं तरी गिऱ्हाइकं रेंगाळायची, कारण माणूस सांगायचाच तसा.

सगळ्यात लाडकी गोष्ट धाकट्याची. नऊ वर्षांचा असताना त्यानं वडिलांच्या दुकानातला पुरुषभर उंचीचा आरसा पाडला, ती. पूर्वी त्या आरशाचे चार तुकडे व्हायचे. अलीकडे शंभर होत होते आणि अख्खी गल्ली जमा होत होती. धाकट्याला सगळे फोड्याच म्हणत. सेहेचाळीस वर्षांच्या या फोड्यानं खिडकीच्या तावदानाहून मोठी काच कधी कापली नव्हती. "तुला कशाला ताप," दादा म्हणायचा, आणि ते प्रेमानंच म्हणायचा.

मग दादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. नेमक्या तेव्हाच पार्लरवाल्या बाई दरवाज्याच्या मोठ्या काचेचं माप घेऊन दुकानात आल्या.

"मी कापतो," धाकटा म्हणाला. दादा स्टुलावर बसला.

काचेवरची रेघ एका दमात ओढायची असते. मध्ये हात उचलला की पुन्हा तिथं जुळत नाही आणि काच मनाला येईल तशी तडकते. धाकटा निम्म्यावर आला होता. दादाला शांतता सोसेना. तो बाईंकडे वळला.

"याची एक गंमत सांगतो. नऊ वर्षांचा होता हा..."

धाकट्याचा हात थांबला, उचलला गेला. काच आडवी तडकली.

"बघा," दादा बाईंना म्हणाला.

मागे काचा पुसणारी धाकट्याची बायको फडकं टाकून पुढे आली. "भावजी, तुमचं तोंड बंद असतं तर काच नसती फुटली."

"आता माझ्या तोंडानं काचा फुटायला लागल्या?"

"काचा आज. ह्यांना तर तीस वर्षं फोडताय."

धाकट्यानं तिला हातानं थांबवलं. "दादा, त्या आरशाचं दुसरं टोक कोणी धरलं होतं?"

"म्हणजे?"

"नऊ वर्षांचं पोर एवढा आरसा एकटं उचलेल? दुसरीकडे तू होतास. रस्त्यावरच्या पोरांना हात करायला सोडलास तू. आणि थोबाडीत मी खाल्ली."

दादानं आठवून पाहिलं. तुकडे दिसले, वडिलांचा हात दिसला. स्वतः मात्र तो दाराशी उभा राहून बघताना दिसला. इतकी वर्षं गोष्टीत तो तिथंच उभा होता. त्याच्याआधी कुठं होता, ते सापडेना.

"आठवत नाही," तो म्हणाला. ते खरं होतं.

"मला आठवतं. आता दुसरी कापतोय. माझ्यावरून एक शब्द काढलास तर उद्यापासून दुकान तू बघ. पलीकडच्या कारखान्यात मला कधीचं बोलावणं आहे."

दादानं ओठ मिटले. धाकट्यानं रेघ ओढली, सरळ, टोकापर्यंत. काच खालून किंचित ठोकली आणि ती रेघेवर नीट सुटली.

"छान हात आहे हो तुमचा," बाई म्हणाल्या. धाकटा नुसता हसला. तसं हसताना दादानं त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि का कोण जाणे, ते त्याला खुपलं.

"असणारच. मीच घडवलाय तो हात," दादा म्हणाला. "आधी इतका भ्यायचा, काय सांगू. मी म्हटलं, फोड्या, घाबरू नकोस..."

धाकट्यानं हिरा टेबलावर ठेवला. बायकोला म्हणाला, "चल."

"अरे, कौतुकच करत होतो की."

"हो. स्वतःचं," ती म्हणाली.

दोघं पायऱ्या उतरून गेली. दादा बाईंकडे वळला. "बघितलंत ना? एवढं शिकवलं, पोटच्या पोरासारखं, आणि एक दिवस..." आवाज आपोआप गोष्टीच्या चालीवर आला होता.

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "काच बसवायला कोण येणार आहे?"