अण्णाला आणायला निघालो तेव्हा

देव आहे की नाही, असा प्रश्न मला त्या दिवसांत पडला नव्हता. तो आपला नाही, एवढं मात्र वाटायला लागलं होतं. आई गेल्यापासून सिद्धेश्वराच्या देवळात जायचं मी सोडलं होतं. आम्ही लिंगायत; घरची इष्टलिंगाची पूजा करत होतो, पण ती हाताच्या सवयीनं.

सोलापूरला नवी पेठेत माझं कापडाचं दुकान होतं आणि थोरला भाऊ, अण्णा, नातेपुत्यात शाळामास्तर. आई गेल्यापासून चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. आई माझ्याकडे अंथरुणाला खिळली तेव्हा "मला थोरल्याकडं ने" म्हणून मागे लागली होती. तिला प्रवास सोसणार नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण निराळं होतं. सेवा मी करायची आणि तिनं ध्यास त्याचा घ्यायचा, हे मला झोंबलं होतं. अण्णाला कळवायलाही मी उशीर केला, आणि ती त्याला न बघताच गेली.

एका सोमवारी वहिनींचं पत्र आलं. अण्णाच्या छातीत पाणी झालं आहे, एसटीनं नेण्यासारखी स्थिती नाही, सोलापूरच्या दवाखान्यात न्यायला तुम्ही गाडी घेऊन या.

गाडी वडिलांच्या वेळची, जुनी विलायती. कित्येक दिवस ती सकाळी लवकर चालू होत नव्हती. हँडल मारून मारून खांदे भरून यायचे. चालू झालीच तर उभ्या जागी थरथरायची आणि गचके देत बंद पडायची. मी प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर खोलून धुतला. मिस्त्रीला दाखवली नाही; माझ्या गाडीतलं मलाच जास्त कळतं, हा ताठा. पत्र आल्यावरही दोन दिवस मी बॉनेटमध्ये डोकं घालून होतो. टॅक्सी मिळाली असती, बायकोनं तसं सुचवलंही. मी म्हणालो, "आज होईल दुरुस्त." आता कबूल करतो, अण्णासमोर उभं राहायची मला भीती वाटत होती, आणि न चालणारी गाडी माझ्या सोयीची होती.

बुधवारी पहाटे ती कशीबशी चालू झाली. माळशिरसच्या अलीकडे मेंढरं आडवी आली, मी वेग कमी केला आणि इंजिन बंद पडलं. भर उन्हात तासभर हँडल मारलं. शेवटी चाकाला टेकून खाली बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनापासून देवाला म्हणालो, "माझ्यानं होत नाही रे आता." त्यात भक्ती नव्हती, नुसता थकवा होता.

रस्त्याकडेच्या विहिरीवरून पन्नाशीची एक बाई घागर घेऊन आली. मला पाणी दिलं. मी पुन्हा हँडल मारलं तशी गाडी फडफडत चालू झाली. बाई वाकून ऐकू लागली.

"दादा, ह्ये कुटंतरी वारा घेतंय. आमचं इंजिन पानी सोडतं तवा असंच करतंय की."

"मावशी, ही मोटारगाडी आहे, विहिरीवरचा पंप नव्हे," मी तुटकपणे म्हणालो.

"व्हय, पर हितं ऐका तरी."

त्या गाडीचा वायपर इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालायचा; त्याला जाणारी रबरी नळी खालच्या अंगानं चिरली होती आणि तिथून इंजिनात हवा शिरत होती. मला ती कधी दिसली नव्हती. बाईनं चिरेवर अंगठा दाबला, आणि इंजिनाचा आवाज एकदम सारखा झाला. मग तिनं कमरेच्या विळ्यानं चिरलेला भाग कापला, नळीच्या इंजिनाकडच्या तोंडात ज्वारीच्या धाटाचा तुकडा घट्ट बसवला, वर चिंधी बांधली. मी आभार मानायला लागलो तर म्हणाली, "निगा आता. कोन तरी वाट बगत आसंल न्हवं?"

दुपारी नातेपुत्यात पोचलो. डॉक्टर दारातच भेटले. "परवा नेलं असतं तर काही करता आलं असतं. आता हलवू नका," ते म्हणाले.

अण्णा उशाला टेकून बसला होता. आमच्या घरात बोलणं कानडीत. "बंद्या?" त्यानं विचारलं. आलास का, एवढंच. मग म्हणाला, "आईलापण असंच गाडीत घालून आणायचं होतंस."

"चुकलं, अण्णा," मी म्हणालो.

संध्याकाळी त्यानं कपाळाकडे बोट नेलं. वहिनी विभूती घेऊन पुढे आल्या, तर त्यानं मानेनंच माझ्याकडे खूण केली. मी विभूती लावली. तीन पट्टे वाकडे आले. त्यानं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. माफ केलं, असं तो म्हणाला नाही, आणि ते मी माझ्या पदरचं घालून सांगणार नाही.

त्या बाईला देवानंच धाडलं, असं मी मानतो. हे ऐकून कुणी विचारतं, मग त्यानं तिला दोन दिवस आधी का नाही धाडलं? ते दोन दिवस त्यानं मला दिलेलेच होते. ते मी घालवले. वर जो एक दिवस मिळाला, तो माझ्या लायकीपेक्षा मोठा होता, आणि त्याच्यासाठी मी जन्मभर ऋणी आहे. आता तळहातावर लिंग घेऊन बसलो की मी काही मागत नाही. जे चुकलं ते सांगतो. रोज तेच असतं, रोज कडूच लागतं. सांगून झालं की मान आपोआप खाली जाते, आणि ती खाली घालणं आता जड जात नाही.