धाकट्या जावेचं पाणी

बरिशालकडच्या त्या नदीकाठच्या गावात कुणाचं पोट बिघडलं की बायका जोबेदाच्या अंगणाची वाट धरत. ती थानकुनीचा औषधी पाला वाटून द्यायची, नजर उतरवायची, काय खायचं आणि काय वर्ज्य करायचं ते ठणकावून सांगायची. बांगलादेश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. एका सेवाभावी संस्थेची माणसं गावात आली. हगवणीवर घरच्या घरी मीठ-गुळाचं पाणी कसं करायचं, हे घरोघर शिकवायला त्यांना गावातलीच बाई हवी होती. जोबेदाने ट्रंकेतली बरी साडी काढून ठेवली. तिच्याशिवाय दुसरी होती कोण?

निवड झाली तिच्या धाकट्या जावेची, पारुलची.

पारुल चौथी शिकलेली होती आणि हसून बोलायची, एवढंच तिचं भांडवल. जोबेदाने साडी परत ट्रंकेत कोंबली, घडीसुद्धा घातली नाही.

दोघींची घरं एकाच अंगणात, समोरासमोर. सकाळी पारुल छत्री घेऊन बाहेर पडली की जोबेदाचा झाडू जोरात चालायचा. काल-परवापर्यंत जिला कुणी हाक मारत नव्हतं, तिला आता म्हाताऱ्यासुद्धा 'पारुल आपा, या, बसा' म्हणू लागल्या होत्या.

"कालपर्यंत हिला डाळीतलं मीठ कळत नव्हतं," जोबेदा नवऱ्याला म्हणाली, "आज गावाला चिमूट शिकवायला निघालीय!"

"तुझं काय जातंय गं?" कासेमने भातावरून मान वर न करता विचारलं.

"माझं काय जाणार! गूळ महागतोय, तेवढंच."

संध्याकाळी पारुल अंगणात बायका जमवायची. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर उकळून निववलेलं पाणी. मग चव बघायची. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि पुन्हा करायचं. जोबेदा विळीवर मासा चिरत पाठमोरी बसलेली असायची.

"डोळ्यांतल्या पाण्याची चव शिकवतेय मला," ती माशाला सांगायची. "लग्न झाल्यापासून चाखतेय मी ती."

एकदा शेजारची आंबिया तिथून उठून जोबेदाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "भाबी, तुम्हाला काय वाटतं?"

जोबेदा याचीच वाट बघत होती. "अगं, मडक्याला भोक पडलं तर वरून पाणी ओततं का कुणी? आधी गळती थांबव. पोराला जुलाब झाले की पाणी बंद, कोरडे पोहे चघळायला द्यायचे. आमच्या आजेसासूपासून हेच चालत आलंय."

त्या वर्षी पुराचं पाणी ओसरलं आणि मागोमाग हगवण आली. पारुल नेमकी भावाच्या लग्नाला माहेरी गेली होती. भर दुपारी आंबिया आपल्या लेकीला, टुनीला, खांद्यावर टाकून धावत आली. दोन वर्षांची पोर, डोळे खोल गेलेले, ओठ चिरलेले. रडायला तोंड उघडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"भाबी, तुम्ही सांगितलं तसंच केलं मी. कालपासून पाण्याचा थेंब दिला नाही. तरी थांबत नाही हो!"

जोबेदाने कासेमला नाव आणायला पिटाळलं, कारण इस्पितळ नदीपलीकडे होतं. मग ती चुलीकडे वळली. निववलेलं पाणी झाकून ठेवलेलं होतं. पारुलवर कितीही चिडली तरी तिला कान बंद करता आले नव्हते. तीन बोटं मिठात गेली, मूठ गुळात गेली. चव घेतली. बरोबर होती.

टुनीला मांडीवर घेऊन ती चमच्याने पाजू लागली. पोर भडभडून ओकली.

"ओकली हो भाबी!"

"ओकू दे. जरा दम धर, मग पुन्हा."

वाटीमागून वाटी गेली. दुपार कलली, आसरची अजान झाली. जोबेदाचा हात भरून आला, तरी तिने चमचा आंबियाकडे दिला नाही. मग तिच्या मांडीवर काहीतरी ऊन ऊन पसरलं.

"मुतली!" जोबेदा ओरडली. "आंबिया, मुतली गं तुझी लेक!"

कासेम नाव घेऊन आला तेव्हा टुनी वाटीला हात घालत होती. तरी तिला इस्पितळात नेलंच. चार दिवसांनी पोर घरी आली. आंबिया तळ्याच्या घाटावर जिला-तिला सांगू लागली, "पारुल आपाच्या पाण्याने माझी पोर वाचली!"

जोबेदा तिथेच पातेली घासत होती. हात कुणाचा होता, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. पण ते सांगायचं तर पाणी कुणी बंद करायला लावलं होतं, तेही निघालं असतं. तिने हातातलं स्वच्छ पातेलं पुन्हा राखेने घासलं.

पारुल माहेरून आली ती थेट थोरल्या जावेकडे. "बुबु, मला सगळं कळलं. तुम्हीच पाजलंत. गावभर सांगणार आहे मी!"

तिने सांगितलंही. जोबेदाचा जळफळाट निवायचा तो दुप्पट झाला. आपलं नाव व्हायलाही हिचंच तोंड लागावं? शेवटी ती पारुलच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पाणी बंद कर, असंही मीच सांगितलं होतं तिला. तेही सांग की गावभर!"

पारुल पहिल्यांदाच हसली नाही. "ते तुम्ही सांगा, बुबु. बायका माझ्यापेक्षा तुमचं ऐकतात."

जोबेदा रात्रभर धुमसली. सांगायचंच, तर जिथे पारुलचा पाय लागला नाही तिथे सांगायचं, असं तिने ठरवलं. सकाळी पदरात गूळ बांधून ती खाडीपलीकडच्या पाड्यावर गेली. "मी तुम्हाला चुकीचं सांगत आले," ती पहिल्याच अंगणात म्हणाली. "जुलाबात पाणी तोडू नका. आता माझ्यासमोर करून दाखवा."

वर्षभराने संस्थेने तिलाही कामावर घेतलं आणि खाडीपलीकडचा पाडा तिच्याकडे दिला. मग दोघींची चढाओढ लागली. पारुलच्या बाजूला पाणी उकळून पितात म्हणताच जोबेदाने आपल्या बाजूच्या घराघरांत जाऊन मडक्यांवर झाकणं ठेवायला लावली. तिकडे कूपनलिका झाली, तर हिने गावच्या चेअरमनच्या दारात ठाण मांडून इकडे करून घेतली. आपल्या पाड्यावर पोर दगावलं की जोबेदा जेवायची नाही, आणि पारुलकडे दगावलं तरी तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. याचं तिला स्वतःलाच नवल वाटायचं.

पुढे संस्थेने पारुलला इतर गावांतल्या बायकांना शिकवायला शहरात नेलं. ती निघाली त्या दिवशी जोबेदाचं डोकं दुखत होतं. ती बाहेर आलीच नाही.

पारुलची घरं तिच्याकडे आली. पहिल्याच दारात एका कोवळ्या सुनेने विचारलं, "पारुल आपा परत कधी येणार?"

"नाही येणार," जोबेदा म्हणाली. "मूठ दाखव. एवढीशी? गूळ आणखी घे."