हिरव्या चौकोनाखाली

आमच्या इमारतीत त्यांना 'वेळापत्रकबाई' म्हणत. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणायचे, "ही बाई पुलावरून जायची झाली, तर आधी पुलाला विचारील, बाबा रे, बरा आहेस ना?" समोरच्या दारात शिवणकाम करणाऱ्या मावशींचं म्हणणं त्याहून तिखट होतं. "हिच्या पोरीला झोपाळ्यावर बसायचं, तर आधी आई दोरी ओढून बघणार, मग बापाला बसवून बघणार. तोवर पोरगी मोठी होऊन सासरी जायची!" हे सगळं बाईंच्या कानावर जात असे. जिन्यात भेटल्या की त्या मान हलवून हसत आणि कठड्याचा एखादा गज हाताने हलवून पाहत पुढे जात.

त्यांच्या घरात 'झालं' या शब्दाला किंमत नव्हती. नवऱ्याने सांगितलं, गॅस बंद केला, की विचारणार, "पाहिलं का?" बाईंचे वडील गावाकडे सुतारकाम करीत. एकदा दुसऱ्याने बांधलेल्या परांचीवर ते चढले. 'बांधलंय' असं त्यांना सांगण्यात आलं होतं, आणि बांधलंही होतं, पण एकाच बाजूने. ते खाली पडले आणि उरलेलं आयुष्य कमरेत वाकून चालले. बाई तेव्हा शाळेत होत्या. या गोष्टीबद्दल त्या फारसं बोलत नसत.

पुढे त्या इंजिनियर झाल्या आणि एका बांधकाम कंपनीत नियोजनाचं काम करू लागल्या. कोणतं काम कधी सुरू व्हायचं, कोणामुळे कोणाचं अडणार, माल कधी मागवायचा, हे ठरवणं त्यांच्याकडे असे. ज्या काळाची ही हकिकत आहे, तेव्हा कंपनी एका रुग्णालयाची नवी इमारत उभी करीत होती. साइटवरचं ऑफिस म्हणजे पत्र्याची लांबट खोली. तिथल्या भिंतीवर एक मोठा स्क्रीन लावला होता आणि त्यावर प्रत्येक कामाचा एकेक चौकोन होता. वेळेवर चाललेलं काम हिरवं, रेंगाळलेलं पिवळं आणि चुकलेलं लाल. ही प्रणाली कंपनीने नव्यानेच घेतली होती. एका कामाची तारीख भरली, की पुढच्या कामाचा निरोप ती आपणहून संबंधितांच्या फोनवर पाठवीत असे.

दर सोमवारी बैठक होई. ज्याचा चौकोन लाल, त्याने उभं राहून कारण सांगायचं. प्रकल्पाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, ते कधी ओरडत नसत. ते हातातलं पेन टेबलावर ठेवत आणि नुसते पाहत राहत. त्या शांततेत भलेभले हातातले कागद उगाच चाळू लागत. साहेबांना दुष्ट म्हणता येणार नाही. दर शुक्रवारी मुख्य कार्यालयात त्यांनाही असंच उभं राहावं लागे, एवढंच. त्यामुळे हळूहळू साइटवर एक रीत पडली. काँक्रीट यायचं ठरलं, की ओतल्याची नोंद करायची. विटा गाडीत चढल्या, की भिंत उभी राहिली असं धरायचं. कोणी टोकलं तर म्हणत, "होईलच की हो!" ज्याला 'होईलच' म्हणता येई, ते सगळं 'झालं' म्हणून हिरवं होई.

बाई या रिवाजाशी बरेच दिवस भांडल्या. त्यांच्या तक्त्यात लाल चौकोन निघत, आणि उभं राहण्याची वेळही त्यांच्यावरच येई. एका सोमवारी लिफ्टच्या कामावरून त्यांना इतका वेळ उभं राहावं लागलं, की शेजारच्या हिशेबनिसाने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि तो त्यांनी उभ्यानेच रिकामा केला. ते सर्वांनी पाहिलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतायचा होता. काँक्रीटचं यंत्र बिघडलं. तरुण साइट इंजिनियर म्हणाला, "मॅडम, उद्या-परवा होईलच. हिरवं राहू द्या ना, उगाच कशाला तमाशा?"

बाईंनी हिरवं राहू दिलं. स्लॅब पडला तो पुढच्या आठवड्यात. तारीख नंतर सुधारू, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि दुसऱ्या धावपळीत ते राहून गेलं.

ओतलेला स्लॅब पुरता घट्ट होईपर्यंत खालून लोखंडी टेकू देऊन तोलून धरावा लागतो. ते टेकू काढणारी टोळी निराळी असते. ती एका साइटवरून दुसऱ्या साइटवर फिरत राहते, आणि स्लॅब केव्हा ओतला हे तिला सांगितलं जातं, तिने ते पाहिलेलं नसतं. या साइटवर आलेल्या टोळीचे मुकादम होते बाईंचे थोरले मावसभाऊ. बाईंनीच शब्द टाकून त्यांना हे काम मिळवून दिलं होतं. बाई त्यांना दादा म्हणत, आणि ते बाईंना, इतकी वर्षं उलटली तरी, छोटी.

त्या दिवशी बाईंनी सुट्टी घेतली होती. मुलीचा दात काढायचा होता. दवाखान्याच्या बाकावर एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला बाई आणि मध्ये गालावर हात धरलेली मुलगी, अशा त्या बसल्या होत्या. फोन वाजला म्हणून बाईंनी पाहिलं. टोळीला गेलेल्या निरोपाची ती प्रत होती: दुसरा मजला, मुदत पूर्ण, टेकू काढण्यास हरकत नाही. निरोप सकाळीच निघाला होता. दवाखान्याच्या तळघरात त्यांच्या फोनला तो आता पोहोचत होता.

त्यांनी तो पुन्हा वाचला. मुदत मोजली गेली होती ती त्या न सुधारलेल्या तारखेपासून. मग त्यांना समोरची भिंत दिसेनाशी झाली.

दादांचा फोन लागला नाही. लागणारच नव्हता. कामगारांनी फोन फाटकाजवळच्या कप्प्यात ठेवून मगच आत जायचं, हा नियम सुरक्षेसाठी बाईंनीच आग्रह धरून करून घेतला होता. साहेबांचा फोन बंद. साइट इंजिनियरचाही बंद. बाई उठल्या.

"आई, दात काढताना तू नसणार?" मुलीने विचारलं.

सासूबाईंनी सुनेच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं. "मी आहे ना इथे. जा तू." आणि बाई पर्स बाकावर तशीच टाकून जिना चढून वर आल्या.

टॅक्सीत बसल्याबसल्या त्यांनी फाटकावर फोन लावला. रखवालदाराने उचलला.

"भोंगा वाजवा. सगळ्यांना बाहेर काढा."

"आग लागली का बाई?"

"आग नाही. दुसऱ्या मजल्याखाली टेकू काढतायत, ते थांबवायचंय. आधी भोंगा वाजवा."

"पण आग नसताना कसा वाजवू? भोंगा वाजला की तुमच्या त्या टीव्हीवर लाल येतं. मागल्या खेपेला मांजर तारेत अडकून वाजला, तर मला उभं केलं होतं साहेबांनी. मांजराला नाही केलं! थांबा, साहेबांना विचारतो. मीटिंग चाललीय आत."

"विचारू नका हो! माणसं आहेत खाली. वाजवा!"

"दोन मिनिटं, बाई. दार वाजवतो त्यांचं."

त्याने फोन बाजूला ठेवला. बाईंना दुरून येणारी त्याची पावलं ऐकू आली, मग दारावरची हलकी, अदबीची टकटक, मग काहीच नाही. त्या ऐकत राहिल्या. भोंगा वाजत नव्हता. टॅक्सी चौकात तुंबली होती. "जरा लवकर घ्या ना," त्या म्हणाल्या. चालक आरशातून म्हणाला, "पंख लावू का बाई? पुढचा हलेल तेव्हा मी हलणार." त्यांनी दार उघडलं आणि त्या रस्त्याच्या कडेने पळू लागल्या. पळताना त्यांना इमारतीचा माथा दिसत होता. तो जागेवर आहे, एवढंच त्या पाहत होत्या. मध्ये एका दुकानाचा फलक आड आला. तेवढ्या अंतरात त्यांनी श्वास घेतला नाही.

स्लॅबखाली अर्धवट उजेड होता. काढलेले टेकू भिंतीशी नीट रचून ठेवले होते आणि लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज येत होता. तो थांबला, की दुसराच एक आवाज ऐकू येई. बारीक, कोरडा, खडू मोडावा तसा. तो वरून येत होता. टोळीतल्या कोणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं, कारण ठोकणाऱ्याला स्वतःचाच आवाज मोठा वाटतो.

"दादा," बाई कडेवरूनच म्हणाल्या. ओरडायचं धैर्य त्यांना झालं नाही. "हातोडा खाली ठेव."

"अगं छोटे! तू दाताला गेली होतीस ना? की दात पळून गेला?" मागची माणसं हसली.

"टाकू नकोस. ठेव. आणि सगळ्यांना घेऊन खांबांच्या कडेकडेने बाहेर ये."

"थोडेच राहिलेत गं. तेवढे काढतो, मग चहाच घेऊ."

"हा स्लॅब कच्चा आहे, दादा."

"कच्चा कसा असेल? तुझ्याच यंत्राने निरोप धाडला सकाळी. हिरवा आहे म्हणाला इंजिनियर."

"ते मी खोटं लिहिलं होतं."

दादांनी वर पाहिलं, आणि मग तो खडू मोडल्याचा आवाज त्यांनाही ऐकू आला. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा त्यांनी हातोडा जमिनीवर ठेवला. हाताने खूण केली. माणसं एकामागून एक खांबांच्या कडेने निघाली. एकजण मध्येच वळला, त्याचा डबा आत राहिला होता. दादांनी त्याची कॉलर धरली. "डब्यासाठी मरतोस का रे? तुझ्या बायकोला काय सांगू, भाजी वाचली म्हणून?" हे त्यांनी इतक्या हळू आवाजात म्हटलं, की कोणी हसलं नाही.

शेवटचा माणूस उन्हात आला, तेव्हा भोंगा वाजला. साहेबांची परवानगी मिळाली होती.

स्लॅब पडला नाही. मधला भाग खाली झुकला, त्याला बोट जाईल एवढी भेग गेली आणि उरलेल्या टेकूंवर तो तसाच अडकून राहिला. संध्याकाळपर्यंत सगळे मैदानात उभे राहून त्याच्याकडे पाहत होते. कोणी शिंकलं तरी माणसं दचकत. तरुण इंजिनियर वारंवार सांगत होता, की मुदत भरली म्हणजे बाईंनी तारीख सुधारली असणार असं त्याला वाटलं, आणि काँक्रीट किती घट्ट झालंय ते सांगणारा नमुन्यांचा अहवालही आला असेल असं त्याने धरलं. तो खोटं बोलत नव्हता. त्या साइटवर प्रत्येकानेच असं धरलं होतं, की पाहणारा कोणी दुसरा आहे.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बाईंना आत बोलावलं. "कोणाला लागलं नाही, हे नशीब," ते म्हणाले. "प्रणालीतल्या दोषामुळे चुकीचा निरोप गेला, असं कळवतो वर. तुमचं नाव यायचं कारण नाही. माझंही."

"प्रणालीत दोष नाही, साहेब. तिला आपण जे सांगितलं ते तिने पुढे सांगितलं."

"तुमची नोकरी जाईल, बाई."

"जाऊ दे. पण दोष यंत्राचा लिहिलात, तर यंत्र दुरुस्त होईल आणि सोमवार तसाच राहील."

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. या वेळी ते उचलायला त्यांनाच बराच वेळ लागला. मग त्यांनी खरं लिहिलं, आणि बाईंच्या नावाखाली स्वतःचंही घातलं.

नोकरी गेली नाही, पण बढती गेली. तो स्लॅब यंत्राने फोडून काढावा लागला. मावशीने, दादांच्या आईने, फोन करून एवढंच विचारलं, "तूच नेलंस ना त्याला तिथे?" दादा काही आठवडे बाईंशी बोलले नाहीत. घरी बाईंना जेवण जाईना. ताट पडल्याचा आवाज झाला तरी त्या वर छताकडे पाहत. मुलगी आता त्यांना दोन दोनदा सांगे, "आई, पाहिलंय मी."

साइटवर मात्र बाईंनी हट्टाने काही गोष्टी बदलून घेतल्या. आपोआप जाणारे निरोप बंद झाले. चौकोन हिरवा करायचा, तर ज्याने ते काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्याचं नाव त्यावर आलं पाहिजे, आणि ते नाव काम करून घेणाऱ्याचं नको. भोंगा कोणीही, कोणालाही न विचारता वाजवावा, आणि त्याबद्दल कोणाला उभं करू नये. टेकू काढण्याआधी मुकादमाने 'नाही' म्हटलं, तर काम थांबावं. सोमवारची बैठक लाल चौकोनांपासून सुरू होऊ लागली. सगळे बसूनच बोलत आणि पहिला लाल चौकोन साहेबांनी स्वतःचा सांगायचा असे. पहिल्या सोमवारी साहेबांचा चौकोन सांगून झाला. मग हिशेबनीस खाकरला आणि म्हणाला, "सळया आलेल्या नाहीत. आल्यात असं मी लिहिलंय." त्यानंतर तक्ता इतका लाल झाला, की मुख्य कार्यालयातून विचारणा आली, इमारत चालू आहे की जळते आहे?

भीती गेली असं मात्र कोणी म्हणू नये. ती आता दबून बसत नव्हती, एवढंच.

नवा स्लॅब ओतला गेला. तो ओतताना बाई सुरुवातीपासून अखेरपर्यंत तिथे उभ्या होत्या. नमुन्यांचा अहवाल त्यांनी प्रयोगशाळेत स्वतः जाऊन पाहिला, आणि तरुण इंजिनियरलाही स्वतंत्रपणे पाहायला लावला. मुदत पूर्ण झाली आणि पुन्हा त्याच टोळीला बोलावणं गेलं. दादा येतील की नाही, याची कोणालाच खात्री नव्हती. ते आले. सावलीच्या कडेला येऊन थांबले. त्यांच्या मागे त्यांची माणसं थांबली. कोणी आत पाऊल टाकेना. दादांनी छताकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना हाक मारली.

"छोटे, खरं सांग. आता काही भीती नाही ना?"

बाईंनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला.

"आहे. सरक, आधी मी आत जाते."