तांड्याचा ईमेल

आमच्या बंजारा तांड्यात फेरीवाला आला की आधी नाईकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर टेकतो. भांडीवाला असो की चादरीवाला, पाणी पितो, कुठून आलो, काय विकतो ते सांगतो, आणि नाईक "जा" म्हणाला की मगच दारोदार फिरतो. फुलसावंगीच्या बाजारातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. कोणी थेट दारात येऊन उभा राहिला, तर आमची याडी, म्हणजे आई, त्याला आत डोकावूही देत नाही. "कोनाले इचारून आला बे?" हा तिचा पहिला सवाल.

आणि माझ्या ईमेलात? मान न मान, मैं तेरा मेहमान! रोज सकाळी फोन उघडावा तर सगळे उपरे पाय पसरून बसलेले.

तांड्यात ईमेल काढलेली मी पहिली. यवतमाळला नर्सिंगला गेले तेव्हा काढला. बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचा कोण अभिमान! दुकानात बिल करताना कोणी ईमेल विचारला की ते छाती फुगवून माझा सांगायचे. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, ही आमच्या घरची रीत. पत्ता दिला की पाहुणा येतो, पाहुणा आला की घर शोभतं, इतकं साधं त्यांचं गणित. तांड्यात कोणाच्या अर्जावर ईमेलचा रकाना दिसला, तरी बापू म्हणणार, "माह्या पोरीचा टाक ना, आपलाच हाय."

त्यामुळे झालं काय, की माझा ईमेल अख्ख्या तांड्याचा झाला. ज्या मोटारसायकलीवर मी कधी बसले नाही, तिची सर्व्हिसिंग बाकी असल्याचं मला कळतं. पुसदच्या सोनाराला माझी आठवण येते. फरशीवाला माझ्या स्वप्नातल्या बाथरूमबद्दल लिहितो. शेजारच्या काकांनी पोराचं नाव लग्नाच्या साईटवर घातलं, तर सुयोग्य वधू येतात मला! आता सांगा, मी वधू घेऊन काय करू?

बरं, वर म्हणे मी संमती दिली आहे. कधी दिली बाप्पा? काउंटरवरच्या पोट्ट्याने चौकटीत आधीच टिक मारून ठेवलेली असते, ती माझी संमती. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहितात, नको असल्यास इथे दाबा. दाबलं की विचारतात, काहून नको? अरे, आधी पाहिजे असं कोणी म्हटलं होतं? मसणात जावो तुमची ऑफर.

इथवर नुसता वैताग होता. मग मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्सच्या जागेसाठी मुलाखत दिली. छान झाली. निवड झाली तर ईमेलने कळवू, हजर व्हायची तारीखही त्यातच असेल, असं सांगितलं. याडीने लगेच नवी बॅग आणून ठेवली. नागपूरच्या दवाखान्यात नोकरीला जाणारी तांड्यातली मी पहिलीच ठरणार होते. बापू दोन घास खाऊन झाले की विचारायचे, "आला का?" मी फोन उघडायची. सोनार यायचा, फरशीवाला यायचा, वधू यायच्या. नागपूर काही येत नव्हतं.

शेवटी मीच फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, मेल कधीच केलाय. हजर व्हायची मुदत परवाच संपली. स्पॅममध्ये पाहिलं होतं का?"

नव्हतं पाहिलं. तो कचऱ्याचा डबा आहे असंच मला माहीत होतं. उघडला, तर लॉटरी लागलेल्या दोन मेलांच्या मधे, "आपली निवड झाली आहे."

त्या बाई अगदी थंडपणे म्हणाल्या, "सगळ्यांना एकदम पाठवतो ना, मग कधी कधी तिकडे जातं." जागा यादीतल्या पुढच्या मुलीला देऊन झाली होती. मी रडले, विनवण्या केल्या, मग भांडलेसुद्धा. काही उपयोग झाला नाही. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. फरशीवाल्याला बैठकीत गादी, कारण आपला मेल आत कसा पोचवायचा हे त्याच्या कंपनीला पक्कं ठाऊक. आणि माझी नोकरी उकिरड्यावर! चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि वरून कचरा रोज चिवडायचं कामही माझंच.

बापूंचाही राग आला. त्यांना सगळं समजावून सांगितलं, हे मेल कुठून येतात तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपले आजे बैलावर मीठ लादून जंगलातून नेत होते. ज्याचं मीठ, त्याच्या दारात. आन् याइले नागपूरहून एक चिठ्ठी पोचवता नाही आली?" त्यानंतर "आला का?" हे विचारणं त्यांनी बंद केलं. ते मला जास्त लागलं.

परवा ते फवारणीचा नवा पंप घ्यायला पुसदला गेलते. दुपारी फोन आला.

"बाई, वारंटीसाठी दुकानदार तुझा ईमेल मागून राह्यला. देऊ का?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

"नका देऊ, बापू."

"बरं."

मागून दुकानदाराचा आवाज आला, "अहो काका, कंपनीचाच मेल येते, त्यानं काही होत नाही."

"होते," बापू म्हणाले. "माह्या पोरीची नोकरी गेली ना."

ईमेलाशिवाय बिल निघणार नाही, असं दुकानदार म्हणाला. संध्याकाळी बापू रिकाम्या हाताने आले, आणि जुन्या पंपाची गळकी नळी रबराने बांधायला बसले.