सावडीचा कॉम्प्युटर

पाटोद्याला तहसीलसमोर मल्टिसर्व्हिसेसची जी दुकानं ओळीने आहेत, त्यांतल्या शेवटच्या दुकानात प्रविण बसतो. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचे, पीकविम्याच्या पावत्या काढायच्या, दाखल्यांसाठी कागद चढवायचे. दिवसभर तो दुसऱ्यांची नावं, जन्मतारखा, जाती टंकतो आणि संध्याकाळी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून गावी परततो. अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. एखाद्या म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नसला तर तो तिचं बोट आपल्या शर्टाला पुसून पुन्हा ठेवतो. वैतागत नाही.

गावात त्याचं घर वस्तीच्या टोकाला, दोन खोल्यांचं, वर पत्रे. दिवाळी झाली की त्याचे आईवडील, वत्सलाबाई आणि उत्तरेश्वर, टोळीबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. लहानपणी प्रविणही त्यांच्याबरोबर फडावर जायचा. दहावीपासून तो मागे राहू लागला आणि हिवाळाभर ते घर त्याच्या एकट्याचं झालं.

एकट्याचं म्हणायचं ते नावाला. तानाजी तिथेच पडीक असायचा.

तानाजी म्हणजे राधाकिशनरावांचा धाकटा. विहीर, मोसंबीची बाग, दारात ट्रॅक्टर असलेलं घर. शाळेत दोघं एका बाकावर बसले ते तिथून उठलेच नाहीत असं मास्तर म्हणायचे. हिवाळ्यात तानाजीची आई, तुळजाबाई, रोज प्रविणसाठी डबा द्यायची आणि डबा घेऊन येणारा तानाजी त्यातलं अर्धं स्वतःच खायचा.

"काकूनं हे मला दिलंय का तुला?" प्रविण विचारायचा.

"आणायचं भाडं घेतो बे."

कॉम्प्युटरही असाच अर्ध्या अर्ध्यातून झाला. बीडला कुठल्याशा कचेरीने जुनी मशिनं मोडीत काढली, तेव्हा प्रविणने त्यातलं एक उचललं. नुसता डबा, पडदा नाही. तानाजीच्या घरी त्याच्या बहिणीचा, वैष्णवीचा, मॉनिटर होता. ती लग्न होऊन गेल्यापासून त्यावर विणलेला रुमाल घालून ठेवलेला. तानाजीने तो एक दिवस मांडीवर धरून आणला. त्याच्या घरी कॉम्प्युटर ठेवायची सोय नव्हती. गेम खेळणं म्हणजे राधाकिशनरावांच्या लेखी पोर वाया गेल्याची खूण.

त्या वर्षी उत्तरेश्वर ऊसतोडीहून आला, तेव्हा पोरांच्या मागे उभा राहून बराच वेळ बघत होता.

"मशीन कुणाचं?"

"माझं," प्रविण म्हणाला.

"अन् ह्यो टीव्ही?"

"माझा हाय, काका," तानाजी म्हणाला.

"मंग सावड केली म्हणा की."

उत्तरेश्वरकडे पूर्वी एकच बैल होता, शेजारच्या सटवाकडे एक. दोघांचं मिळून औत व्हायचं. एक दिवस ह्याच्या रानात, एक दिवस त्याच्या. पोरांना हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "सावडीत एवढंच बघायचं असतंय. दुसऱ्याचा बैल आपल्या बैलापेक्षा जास्त दमवायचा न्हाई."

"आमी मशिनीला लई जपतो काका," तानाजी म्हणाला. "तुमचं पोरगं तर फुंकर मारून बटन दाबतं."

ते खेळायचे तो गेम दोघांनी मिळून खेळायचा होता. पडदा मधोमध दुभंगायचा, एका बाजूला एकाचा गडी, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. एकाला भिंत चढायची तर दुसऱ्याने खाली फळी धरून उभं राहायचं. एकट्याने पुढे सरकायची वाटच नव्हती. दोन हिवाळ्यांत त्यांनी तो संपवला. मग त्याचा दुसरा भाग आला, आणि तो त्यांच्या मशिनीवर उघडेना. उघडला तरी गडी पाऊल उचलायचा आणि ते पाऊल खाली यायला वेळ लागायचा.

"ह्याच्यापेक्षा आमची म्हैस लवकर वळती," तानाजी म्हणाला.

तिथून नियोजन सुरू झालं. पैसे थोडे, म्हणून विचार फार. प्रविण दुकानात गिऱ्हाईक नसलं की पार्ट बघत बसायचा. गेमची चित्रं भरभर हलवणारं कोणतं ग्राफिक्स कार्ड या मदरबोर्डला चालतं, कोणतं जुनं घेतलं तरी टिकतं, कोणतं या बारक्या डब्यात मावतं. शाळेतली पट्टी घेऊन त्याने आतली जागा मोजली होती. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सगळं घडाघडा सांगितलं असतं. घासाघीस मात्र तानाजीची. प्रविणला समोरचा म्हणेल तो भाव खरा वाटायचा.

दोघांचं एका गोष्टीवर जमेना. तानाजीला आधी कार्ड हवं होतं. प्रविण म्हणायचा, आधी एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्याला वीज पुरवणारा डबा. मशिनीतला जुना मरतुकडा होता, आणि गावात विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की लाइट डोळे मिचकावायची.

"नुसतं कार्ड आणून करतो काय बे? त्याला वीज कोण पुरवणार, तुझा बाप?"

"बापाच्या रानात लाइटीची डीपी हाय की."

शेवटी ठरलं ते असं. एसएमपीएस प्रविणने घ्यायचा, कार्ड तानाजीने. आणि तानाजी पुण्याला एका लग्नाला गेला तो परस्पर कार्ड घेऊनच आला. जुनं, पण प्रविणने सांगितलं होतं तेच. टॉवेलात गुंडाळून, कपड्यांच्या मधे ठेवून आणलेलं.

"लाव," तो म्हणाला.

"न्हाई. एसएमपीएस आल्याबिगर न्हाई. जळून जाईल."

"नवरी आणून बसवली अन् मांडवच न्हाई. कसला रं नवरदेव तू."

कार्ड वत्सलाबाईच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत राहिलं. तानाजी आला की आधी पेटी उघडून ते बघायचा, पंखा बोटाने फिरवायचा, परत ठेवायचा. प्रविण जास्तीचे फॉर्म भरत होता. सुट्टीच्या दिवशीही दुकान उघडायचा.

मग जिल्ह्याचं वारं फिरलं.

काय झालं आणि कुणी सुरू केलं याच्या दोन गोष्टी होत्या, आणि खरी कोणती हे ऐकणारा कोणत्या समाजाचा यावर ठरायचं. निवडणूक होऊन गेली तरी प्रचार उतरला नाही. मोटारसायकलींच्या पाटीवर नंबरापेक्षा समाजाचं नाव मोठं दिसू लागलं. एका हॉटेलात एका समाजाची माणसं चहा प्यायची, समोरच्या हॉटेलात दुसऱ्याची. गावात न्हावी दोन होते, तेही वाटले गेले. प्रविण आणि तानाजी वेगवेगळ्या समाजाचे आहेत हे दोघांना माहीत होतंच. पण ते फॉर्मच्या रकान्यात लिहावं लागतं तेवढ्यापुरतं माहीत होतं.

आधी तुळजाबाईचा डबा थांबला. "आईला बरं न्हाई," तानाजी म्हणाला. दुसऱ्या दिवशी काही म्हणाला नाही. प्रविणने विचारलं नाही. तो दुकानातून येताना बटाटे घेऊन आला आणि दोघांनी मिळून खिचडी लावली. ती खालून करपली. तानाजी ती खरवडून खात म्हणाला, "आईला सांगतो, तुझ्यापेक्षा हा बरा रांधतो." पण त्याचं हसणं मधेच राहिलं.

मग तानाजीचं येणं कमी झालं. त्याचा चुलतभाऊ अमरसिंह गावातल्या त्यांच्या पोरांचा पुढारी झाला होता. कोण कुणाच्या दारात दिसलं याचे फोटो त्याच्या मोबाइलवर यायचे. इकडे प्रविणच्या वस्तीतही तेच. माऊली नावाचा एक जण वस्तीतल्या मंडळाच्या पोरांना ओट्यावर जमवायचा आणि कुणी कुणाकडून दूध घ्यायचं तेसुद्धा सांगायचा. त्याने प्रविणला एकदोनदा हटकलं होतं, "तुझा तो पाहुणा अजून येतोय का?"

प्रविण तरी धीर धरून होता. हे असं किती दिवस चालणार, त्याला वाटायचं. तो एसएमपीएस तेवढा येऊ दे. मशीन सुरू झालं की तानाजी आल्यावाचून राहणार नाही.

एसएमपीएस आला. प्रविणने तो बसवला, तारा नीट बांधल्या, आतली धूळ ब्रशने झाडली. कार्डाची जागा मोकळी ठेवली. ते तानाजीच्या हाताने लावायचं असं त्याने मनाशी ठरवलं होतं. मग मोबाइलवर लिहिलं, "आलाय. ये." निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

रविवारी दुपारी तानाजी आला. नेहमी तो दारातूनच शिवी घालत यायचा. आज उंबऱ्यात उभा राहिला. बोळाच्या तोंडाशी मोटारसायकल चालूच होती.

"कोण हाय?" प्रविणने विचारलं.

"अमरदादा."

"बस की. च्या ठेवतो."

"नको पव्या. विचारतील." तो भिंतीकडे बघत होता. "मी कार्ड न्यायला आलोय. आपलं आपलं घेऊन ये म्हणलेत घरचे."

प्रविणने पेटी उघडली. लुगड्यांच्या घडीतून कार्ड काढलं. ते तानाजीच्या पुढे धरलं आणि मग त्याचा हात मागे आला.

"एकदा लावून बघू," तो म्हणाला. "चालतंय का तेवढं. तू पैसे देऊन आणलंय. बिघडलेलं असलं तर परत तरी करता येईल."

हे काही खरं कारण नव्हतं. तानाजीलाही ते कळत होतं. तो आत आला.

प्रविण म्हणाला, "तू लाव." तानाजीने कार्ड खाचेत धरलं आणि दाबलं. आवाज आला. बटन प्रविणने दाबलं. पंखा फिरायला लागला, हळू, मग एकसारखा. गेम उघडला. पडदा मधोमध दुभंगला आणि दोन गडी दोन बाजूंना येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे एक नदी होती. पाणी अडकत नव्हतं, उड्या मारत नव्हतं, पाण्यासारखं वाहत होतं. गडी श्वास घेत होते, छाती वरखाली होताना दिसत होती. दोन्ही कंट्रोलर जमिनीवर पडलेले. कुणी उचलले नाहीत. दोघं पडद्याकडे बघत उभे राहिले.

बाहेर हॉर्न वाजला.

"चांगलं चालतंय," तानाजी म्हणाला.

"व्हय."

"काढ."

प्रविणने मशीन बंद केलं. कार्ड अजून कोमट होतं. ते त्याने आपल्याच टॉवेलात गुंडाळलं. तानाजीने ते घेतलं, टॉवेल सोडवून परत दिला आणि कार्ड शर्टाच्या आत सरकवलं.

"मॉनिटर?" प्रविणने विचारलं. "तो बी तुमचाच हाय."

पुन्हा हॉर्न वाजला, या वेळी लांबलचक. तानाजी मॉनिटरकडे बघत राहिला.

"फुटला म्हणून सांगतो," तो म्हणाला. "तू कुणाला दाखवू नको."

"तू ह्या कार्डाचं करणार काय? तुमच्याकडं मशीन न्हाई."

"ठेवतो."

"कोरड्यात ठेव."

"हां."

तो वळला. दारात थांबला, आता काही बोलेल असं प्रविणला वाटलं. त्याने फक्त चपला घातल्या. एक पायात उलटी गेली, ती वाकून नीट केली, त्याला जरा जास्तच वेळ लागला. मग तो बोळातून चालत गेला. मोटारसायकलचा आवाज बागेच्या दिशेने लांबला आणि प्रविण मशिनीचं उघडं झाकण हातात घेऊन बसला. ते लावावं की नाही हे त्याला ठरवता येईना.

त्यानंतर दोघं एकमेकांना दिसत राहिले. गाव केवढंसं. पाटोद्याच्या बाजारात एकदा समोरासमोर आले तेव्हा तानाजी मोबाइल कानाला लावून बोलत गेला. मोबाइलचा पडदा काळा होता, प्रविणने पाहिलं. त्याला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला घरी येताना वाटलं. रागाला निदान काहीतरी करता येतं.

वस्तीत मात्र बातमी फिरली. माऊली एका संध्याकाळी प्रविणला ओट्यावर घेऊन गेला. पाचसहा पोरं बसलेली होती.

"मर्दा, तू बोलला न्हाईस आमाला," माऊली म्हणाला. "आपल्या पोराच्या घरात येऊन मशिनीतलं कार्ड उपसून नेतात म्हंजे काय? एवढं स्वस्त झालो का आपण?"

"त्याचं होतं," प्रविण म्हणाला.

"त्याचं असू दे. आपण त्याच्या दुप्पट भारी घेऊ. वर्गणी काढतो. मंडळाकडून सगळं नवं. कार्ड, पडदा, खुर्चीसुद्धा. तू फक्त त्या डब्यावर मंडळाचं स्टिकर लाव अन् फोटो टाक. दिसू दे त्यांना."

पोरं माना हलवत होती. एकाने प्रविणच्या खांद्यावर हात ठेवला. ती माणसं खोटं बोलत नव्हती. खरंच आणून देतील, त्याला माहीत होतं. दोन वर्षं जे दुकानातल्या पडद्यावर पुढे सरकवत बघितलं ते सगळं आठवड्यात घरात येईल.

माऊलीने मोबाइल काढला, किमतींचं पान उघडलं आणि पुढे केलं.

"सांग. कोणतं पाहिजे? त्यातलं तुलाच कळतंय."

प्रविणने मोबाइल हातात घेतला नाही.

"मला न्हाई कळत त्यातलं," तो म्हणाला. "ते सगळं तानाजी बघायचा."

त्या ओट्यावर ते नाव कित्येक दिवसांत कुणी घेतलं नव्हतं. खांद्यावरचा हात निघाला. माऊलीने पान मिटलं, मोबाइल खिशात टाकला आणि उठला. त्याच्यामागे एकेक करून बाकीचेही उठले, आणि ओट्यावर प्रविण एकटाच राहिला.