पातळ वरण

बावीस वर्षं मी पाहुण्यांना सांगत आलो, की आमच्या हिला वरण पातळच लागतं. कुणी जेवायला बसलं की हे मी कौतुकानं सांगायचो. ती हसायची. त्या हसण्यात मला कधी दुसरं काही दिसलं नाही.

मागच्या वर्षी बायकोच्या गर्भाशयात गाठी निघाल्या. ऑपरेशन करायचं ठरलं, पण रिपोर्ट बघून डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला. रक्त कमी, प्रोटीनही कमी. "अशा अंगावर मी सुरी चालवणार नाही. गोळ्या देते, पण दोन महिने यांना नीट खाऊ घाला. मग बघू." तोवर रक्त जातच राहणार होतं. मुकुंदवाडीतल्या आमच्या घराचा जिना चढताना ती मध्येच थांबायची आणि चप्पल नीट करायचं निमित्त करायची.

मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मोजून देणं हेच माझं काम. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिच्यासाठी रोजचं पंचावन्न ग्रॅम प्रोटीन लिहून दिलं, खाली कर्बोदकांचे आणि तेलातुपाचे आकडे. ते बघून मला हुरूप आला. शहागंजातून छोटा वजनकाटा आणला. तूरडाळ, मटकी, शेंगदाणे आणले. हिला अंडी चालत नाहीत, म्हणून पनीर आणि दही. फ्रिजच्या दारावर आठवड्याचा तक्ता लावला. रोज सकाळी मी कोरडी डाळ तोलून द्यायचो. आई, आम्ही दोघं आणि कॉलेजातली लेक. दोनशे ग्रॅम डाळ, भागिले चार, प्रत्येकाला अकरा ग्रॅम प्रोटीन. मटकी, पनीर, सगळं भागिले चार. वर तिला एकटीला दही आणि मूठभर दाणे.

महिन्यानं तपासलं, तर आकडे जवळपास तिथंच.

"नीट खाता ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"खाते की," ती म्हणाली.

परतताना रिक्षात मी तिला जे बोललो, ते लिहायला आज लाज वाटते. म्हणालो, "मी एवढं मोजून देतो, तुझ्याच अंगाला लागत नाही." ती बाहेर बघत राहिली. माझं वजन त्या महिन्यात दोन किलोनं वाढलं होतं. ते मी हसण्यावारी नेलं होतं.

त्याच आठवड्यातल्या रविवारची गोष्ट. एरवी जेवलो की मी टीव्हीपुढं बसतो. त्या दिवशी गोळीसाठी पाणी घ्यायला परत स्वयंपाकघरात गेलो. ती खाली जेवायला बसली होती. वरणाच्या भगोन्यात तळाशी थोडंसं उरलं होतं. तिनं तांब्यातलं पाणी त्यात ओतलं, भगोनं गोल फिरवलं, कडा बोटानं निपटल्या आणि ते पिवळं पाणी चुरलेल्या भाकरीवर घेतलं. मटकीच्या कढईत नुसता रस्सा होता.

"हे काय?"

"काय म्हणजे? रोजचंच की."

"तुझं पनीर?"

"पोरीचा पेपर आहे उद्या. दिलं तिला."

"अन् वरण?"

"तुम्हीच म्हणलात ना, अजून एक पळी." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला तेच जास्त लागलं.

"पण तुला पातळच आवडतं ना?"

"आवडायला काय हो. जे राहतं, ते आवडतं."

कारखान्यात स्टोअरमधून माल सुटला म्हणजे तो जागेवर बसला, असं मी कधी धरत नाही. लाइनवर जाऊन बघतो. घरी मात्र काट्यावरून डाळ उतरली की माझं काम संपत होतं. तिच्या वाटणीचं कुठं गेलं, ते शोधायला मला लांब जायचं नव्हतं. ते दोन किलो माझ्याच अंगावर होते.

सोमवारी मी पळी हातात घेतली. आधी तिचं ताट वाढलं आणि तिला बसवलं.

"वरणाला बी शिफ्ट लागली का रं आता?" आई म्हणाली.

"अहो, नका ना. सगळे बघत बसलेत अन् मी एकटी गिळू? घास उतरत नाही." दोन घास खाऊन ती भाकरी टाकायला उठली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी पळी सोडली नाही.

चौथ्या दिवशी आईच वैतागली. "बस गं गुमान! मी तीस वर्षं भगोन्याचं धुवण पिले. मला कुणी इचारलं नाय, आवडतं का म्हणून."

बायको परत ताटावर बसली. मला वडिलांच्या शेजारी मांडलेला माझा पाट आठवला. त्या पाटावर मला वरण नेहमी घट्टच मिळालं होतं.

मग पद्धतच बदलली. भाकरी आधी सगळ्या करून घ्यायच्या, मग चौघांनी एकदम बसायचं. पहिलं ताट तिचं, शेवटचं माझं. भाकर गार झाली म्हणून लेक दोन दिवस कुरकुरली. "तुझं पनीर तुझ्या ताटात आहे, आईच्या ताटाकडं बघायचं नाही," मी म्हणालो.

एकदा मलाच वरण कमी पडलं. मी पाणी घातलं, भगोनं फिरवलं, आणि खाल्लं. हळदीचं कोमट पाणी. हे कुणाला आवडू शकेल, असं मी बावीस वर्षं कसं मानलं?

"काय हो," ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आवडलं का पातळ?"

लेक हसली, आई हसली. मी मान खाली घालून ते संपवलं.

सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघितले आणि पुढच्या महिन्यातली ऑपरेशनची तारीख दिली. ऑपरेशननंतर ती पडून असेल तेव्हाचा तक्ता मी करून ठेवलाय. भाकरी अजून जमत नाही, फाटते. वरण जमतं.

तारीख मिळाली त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो, आणि खाता खाता तिनं ताट पुढं केलं.

"अजून एक पळी."

भगोन्यात तेवढीच होती. ती मी तिला वाढली आणि तांब्या जवळ ओढला.